आठवा ठोका

१

सकाळी लेकीला शाळेत पाठवायचं, आईच्या गोळ्या डबीत भरायच्या, चहाचा दुसरा कप घेऊन मागच्या खोलीत शिरायचं आणि दार ओढून घ्यायचं. टेपवालीचा दिवस असा सुरू व्हायचा. टेपवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण धंद्यात सगळे तिला तसंच म्हणत आणि तिनंही कधी नाक मुरडलं नव्हतं.

लोकांच्या माळ्यांवर, कंपन्यांच्या तळघरांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाण्याबजावण्याच्या टेप तिच्याकडे यायच्या. ओल धरलेल्या, थराला थर चिकटलेल्या. ती त्यांना ओव्हनमध्ये मंद आचेवर आठ तास शेकायची, मग मोठ्या मशीनवर चढवून संगणकात उतरवून घ्यायची. शेकलेली टेप चारदा वाजली तर नशीब. प्रत्येक फेरीला तिच्यावरची तपकिरी पूड झडते, आणि आवाज असतो तो त्या पुडीतच. म्हणून पहिल्या फेरीत काम उरकायचं, हा तिचा नियम होता. "परत एकदा लावा ना, मजा येते" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ बाहेरचा रस्ता दाखवायची.

या वेळची टेप मात्र घरचीच होती. बाबांच्या बँडची.

त्या बँडचं नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. पण प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलेली काही माणसं असतात, त्यांच्यासमोर नुसतं 'पाण्याखालचा जिना' म्हणा, ती तासभर तुम्हाला हलू देणार नाहीत. एकच रचना, पण रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी. बँडमधल्या चौघांचा एक रिवाज होता. प्रत्येक लांब रचनेत प्रत्येकानं एक सलाम लपवायचा. सलाम कुणाला, तर ज्याच्याकडून आपण काही घेतलं आणि जो आता या जगात नाही, त्याला. कुठे लपवला ते सांगायचं नाही, आणि दुसऱ्यानं विचारायचं तर मुळीच नाही.

चाहते कुठले ऐकायला! तीस वर्षं कान लावून लावून त्यांनी तीन सलाम हुडकून काढले होते. तिसऱ्या मिनिटाला गिटारवर जी संथ धून येते, ती म्हणजे गिटारवाल्याच्या मास्तरांनी लहानपणी त्याच्याकडून घोटून घेतलेली बोटांची कवायत. अकराव्या मिनिटाला कीबोर्डवर जो भलाथोरला सूर उठतो, तो कीबोर्डवाल्याची आई जिथे राबली त्या गिरणीचा भोंगा. आणि चौदाव्या मिनिटाला बेस लंगडतो. थट्टा नाही, खरोखर लंगडतो. बेसवाल्याचा मामा एका पायानं अधू होता आणि जिना चढताना अगदी असाच वाजायचा. राहता राहिला ड्रमवाला, म्हणजे टेपवालीचे बाबा. त्यांचा सलाम कुणालाच सापडला नव्हता.

आता कंपनी नवी आवृत्ती काढत होती, सोबत एक छोटी पुस्तिका. पुस्तिकेत सलामांवर लेख, आणि तो लिहायचं टेपवालीनं कबूल केलं होतं. बाबा हयात असताना तिनं कितीदा तरी विचारलं होतं. "मी नाही ठेवला," ते म्हणायचे. "माझी सगळी माणसं तेव्हा धडधाकट होती." आणि उठून जायचे. टेप त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवली होती, कुणाला बोट लावू दिलं नाही. ते गेले त्याला आठ महिने झाले होते. खरं सांगायचं तर टेपवालीला पुस्तिकेची काडीची पर्वा नव्हती. तिला बाबा हवे होते. त्या सव्वीस मिनिटांत कुठेतरी त्यांनी कुणाची तरी मनापासून आठवण काढली असेल, तेवढी तिला ऐकायची होती.

खोक्यावर त्यांच्या अक्षरात लांबी लिहिली होती. सव्वीस मिनिटं, अकरा सेकंद. तिनं टेप शेकून लावली, उतरवून घेतली. सलाम काही सापडला नाही. संगणकानं लांबी दाखवली सव्वीस मिनिटं, चौदा सेकंद. जुनं मशीन, जुने पट्टे, तीन सेकंदांचं काय एवढं! तिनं दिवा मालवला आणि आईला जेवायला वाढायला गेली.

२

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचाच नियम मोडला. त्या तीन सेकंदांनी तिची झोप नासवली होती असं नाही, पण भातात खडा लागावा तसे ते लागत होते. टेप पुन्हा वाजवली. या वेळी सव्वीस मिनिटं, एकोणीस सेकंद.

मशीन हळू चालत असेल तर सूर खाली उतरायला हवेत. तिनं ठरलेल्या सुराची चाचणी टेप लावून पाहिली. सूर जिथल्या तिथे, केसभर फरक नाही. मग दोन्ही फेऱ्या तिनं पडद्यावर एकाखाली एक मांडल्या. चोविसाव्या मिनिटापर्यंत रेघेला रेघ जुळत होती. शेवटचा भाग सात मात्रांचा. जाणकार या भागाला फार मान देतात. आठवी मात्रा येईल येईल असं वाटत राहतं आणि ती येतच नाही, असं म्हणतात. तो भाग एका जागी थांबतो, क्षणभर शांतता, आणि मग शेवटचे लांब सूर. ती शांतता खालच्या रेघेत मोठी होती. सगळे जादा सेकंद तिथेच होते.

तिनं टेप हातानं फिरवून ती जागा शोधली. तिथे जोड होता. ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं सांधलेला, पट्टी पिवळी पडलेली. म्हणजे इथला एक तुकडा कुणीतरी काढून टाकला होता. हेडफोन घालून तिनं संगणकात ती शांतता ऐकली, आवाज वाढवत वाढवत नेला.

आधी नुसती खरखर. मग फार लांबून, भिंतीपलीकडून यावेत तसे ठोके आले. दोन. दोन. तीन.

यात नवल काही नाही, तिनं स्वतःला बजावलं. टेप गुंडाळलेली असली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरं उमटतात, तसंच. मूळ तुकडा कापून टाकला तरी उमटलेलं मागे राहतं. तिनं शंभर टेपवर हे ऐकलं होतं आणि शंभरदा पुसलं होतं. पण हे तिला पुसवेना. कारण दोन, दोन, तीन म्हणजे सात. आणि असे सात ठोके मारणारा सबंध जगात एकच जण होता.

तिचा धाकटा भाऊ. दिसेल त्याच्यावर ठोके मारायचा म्हणून घरात त्याला ठोक्या म्हणत. ताटावर, खिडकीच्या काचेवर, बाबांच्या टकलावरसुद्धा. तो सहा वर्षांचा होता तेव्हा गेला. ती दहाची होती.

३

कीबोर्डवाले काका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. चौघांपैकी आता तेवढेच उरले होते. बोटं सांध्यांत वाकडी झालेली, त्यामुळे कप दोन्ही हातांनी धरायचे.

"टेप लावलीस," दार उघडल्या उघडल्या ते म्हणाले. "चेहऱ्यावरनंच कळलं."

"दोनदा लावली."

"लांबी किती भरली?"

टेपवाली बसता बसता थांबली. लांबीचं तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. "पहिल्यांदा चौदा सेकंद. काल एकोणीस."

काकांनी कप खाली ठेवला. मग ते खिडकीबाहेर बघत बोलले, तिच्याकडे न बघताच.

"सलाम द्यायला तुझ्या बाबाचं कुणी गेलेलंच नव्हतं गं. आम्ही चिडवायचो त्याला, तुझं बरं आहे लेका, तुला रडायला कुणी नाही. तर पठ्ठ्या एक दिवस पोराला घेऊनच स्टुडिओत आला. म्हणाला, मला सगळ्यात जास्त यानंच शिकवलं. शेवटचा भाग आठ मात्रांचा होता, तो यानं सातांवर आणला, पोराच्या ठोक्यांवर. आणि ते थांबतं ना एका जागी, तिथे स्टुडिओच्या दारावर ठोक्याकडून सात ठोके मारून घेतले. मी म्हटलं, अरे, सलाम गेलेल्यांना द्यायचा असतो. जितंजागतं पोर आहे हे. तर हसला. म्हणाला, नियम कुणी केला? आपणच ना?"

"म्हणजे शेवटचा अख्खा भागच..."

"अख्खा भागच. तीस वर्षं लोक शोधतायत आणि तो त्यांच्या नाकासमोर आहे." काका हसले, पण ते हसू लगेच विझलं. "चार महिन्यांनी ठोक्या तापानं फणफणला. रेकॉर्ड अजून छापायची होती. तुझा बाबा हॉस्पिटलातून तडक स्टुडिओत आला, ब्लेड उचललं आणि ते ठोके कापून काढले. आम्हाला म्हणाला, काढला बघा सलाम, आता पोर बरं होईल. आणि दुसऱ्या दिवशी..."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते टेपवालीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दरवर्षी त्या तारखेला तो टेप लावायचा," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं की त्या जोडापाशी टेप जरा जास्त थांबली. म्हणून पुढे स्टॉपवॉच घेऊन बसायला लागला. मला शेजारी बसवायचा. सव्वीस मिनिटं, अकरा सेकंद. सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. एकवीस वर्षं बसलो आम्ही तसे. मग माझाच धीर सुटला. शेवटच्या वेळी तो एवढंच म्हणाला, माझ्याशी बोलत नाही रे तो."

बाबा बंद दाराआड बसलेले तिनं लहानपणी पाहिले होते, आणि तिला वाटायचं ते हिशेबठिशेब करत असतील.

"काका, शेजारच्या थरावर उमटलेलं असतं ते," ती म्हणाली. "टेपचा धर्मच आहे तो."

"असेल."

"मग घाबरायचं काय त्यात?"

"घाबरू नकोस. फक्त ते सेकंद कुठून आले तेवढं मला सांग." त्यांनी आपल्या वाकड्या बोटांनी तिचं मनगट धरलं. "ठेवून दे ती टेप. तो बाबाला शोधत नव्हता, पोरी. आता कुणाला शोधतोय ते तुझं तुला ठाऊक."

४

ती घरी आली तेव्हा आई मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. मागची खोली म्हणजे एके काळची ठोक्याची खोली. टेपवालीनं मुद्दाम ती निवडली नव्हती. घरात तीच एक कोरडी होती. पलीकडची तिची स्वतःची खोली आता आईकडे होती.

"कोण ठोकतंय गं मघापासून?" आईनं विचारलं.

"कुठे?" तिनं मान उडवून विचारलं.

"आत. मी दोनदा उठून पाहिलं. कुणी नाही."

आत मशीन बंद होतं, टेप खोक्यात होती. आणि आईला तर जवळ जाऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. टेपवाली वाकून तिच्या कानाशी बोलली, "मशीन घातलंयस का कानात?"

"छे! ते घातलं की तुझं ढणढण ऐकावं लागतं. डबीत आहे." आईनं वाटाण्याची शेंग दाबली. "मऊ हातानं ठोकत होतं कुणीतरी. पोरासोरानं ठोकावं तसं."

टेपवाली आत गेली आणि दार लावून घेतलं.

ठोक्याचा आणि तिचा एक खेळ होता. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर त्यानं सात ठोके मारायचे, आठवा तिनं द्यायचा. आठवा ज्यानं दिला त्यानं उठून दुसऱ्याच्या खोलीत जायचं, मग भले डोळ्यांवर झोप असो की अंगात आळस. ठोक्या कधी चुकला नाही. ती ठोकायची तेव्हा तिचा सातवा पडायच्या आत त्याचा आठवा यायचा आणि पाठोपाठ अनवाणी पावलं.

त्याचा ताप चढला त्या दुपारी तिच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. धावण्यात तिचा पहिला नंबर आला होता. घरून कुणीच आलं नाही. बक्षिसाचा कप घेऊन ती एकटी चालत घरी आली, तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि ती गादीवर पालथी पडून राहिली. भिंतीवर ठोके आले. दोन, दोन, तीन. तिनं ओठ घट्ट मिटले. परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते इतके हळू होते की भिंतीला कान लावावा लागला असता. तिनं उशी डोक्यावर घेतली. मग आईची पावलं वाजली, आई त्याच्याकडे गेली. संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात नेलं आणि तो परत आला नाही.

हे तिनं एकतीस वर्षांत एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही. बाबांनी आयुष्यभर सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि तिनं तो त्यांना घेऊ दिला.

तिनं टेप लावली. ही तिसरी फेरी. लावायला नको होती हे कळत होतं, पण हात थांबले नाहीत. चोविसावं मिनिट आलं, सातांचा ठेका थांबला. आता आवाज वाढवावा लागला नाही. ठोके साध्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आले. दोन. दोन. तीन. आणि मग शांतता लांबत गेली. टेप फिरत होती, जोड मशीनच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून पुढे सरकून गेल्याचं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी शेवटचे सूर येईनात. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला. तोंडानं घेतलेला, नाक चोंदलेल्या पोराचा श्वास. श्वास रोखून धरला गेला. वाट बघत.

टेपवालीनं बोटाचं पेर वळवून टेबलावर धरलं. एक ठोका, बस, एवढंच तर हवं होतं त्याला. तिचा हात तसाच राहिला. भ्याली ती. सख्ख्या धाकट्या भावाला भ्याली. कारण आठवा देणाऱ्यानं उठून जायचं असतं, आणि कुठे जायचं ते तिला माहीत नव्हतं. शेवटचे सूर सुरू झाले. संगणकानं लांबी दाखवली सव्वीस मिनिटं, चाळीस सेकंद. ती खुर्चीत तोंड झाकून हमसून हमसून रडली.

५

दोन दिवस ती त्या खोलीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मशीनची हेड पुसायला गेली तर कापूस तपकिरी झाला, एक बोळा झाला, दोन झाले, पूड संपेना. टेप झडत चालली होती. फार तर आणखी एकदा वाजेल. त्यानंतर नुसती कोरी पट्टी. संगणकात उतरलेलं राहील, पण तिथे उत्तराची वाट बघणारं कुणी नसेल.

म्हणजे ती शेवटची वेळ. दिलं उत्तर तर दिलं, नाही तर कायमचं राहिलं. तिनं मनाशी ठरवलं. सहा वर्षांच्या पोराच्या खेळातला नियम तो, त्याला कुणी इतकं धरून बसतं का, असं ती सकाळपासून स्वतःला समजावत होती. आणि समजावता समजावता तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर घराच्या किल्ल्या ठेवल्या, लेकीसाठी काकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, दुपारचं जेवण झाकून ठेवलं.

आईनं चिठ्ठी पाहिली. "कुठे निघालीस?"

"कुठे नाही," टेपवाली तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

"मग हे कशाला?"

आईनं तिला हात धरून शेजारी बसवलं. "तुमची ती टकटक मला कळत नव्हती होय? सात त्याचे, एक तुझा. मी इथे पोळपाटाशी उभी राहून मोजायची."

"आई, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तू झोपली नव्हतीस. उशी घेतली होतीस डोक्यावर. पाय हलत होते तुझे. त्याच्याकडे जाताना मी दारातून पाहिलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दहा वर्षांची होतीस. एक गेलेलं, आता राहिलेल्याला पण टोचत बसू?" आईनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "एकटं वाटत असेल त्याला, दुसरं काय! सहा वर्षांच्या पोराला आणखी काय सांगायचं असणार. चल, मी बसते तुझ्याजवळ."

अकराला लेक शाळेत गेली. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी, कुणाच्या तरी घरी नळाचं पाणी पडत होतं. दोघी मागच्या खोलीत बसल्या आणि टेपवालीनं टेप सुरू केली. आई कानात काही न घालताच ऐकत होती, हात स्पीकरच्या लाकडावर ठेवून. तिसऱ्या मिनिटाला गिटारवाल्याचे मास्तर आले. अकराव्याला गिरणीचा भोंगा झाला. चौदाव्याला मामा लंगडत जिना चढले तेव्हा आई चक्क हसली. "अगदी तस्साच चालायचा मेला," ती म्हणाली. मग सातांचा ठेका लागला. बाबा वाजवत होते, तरणेताठे, सगळी माणसं धडधाकट असलेले बाबा. दोघींपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

तेविसावं मिनिट उलटलं तसं आईनं तिला कोपरानं ढोसलं. "माझं मशीन आण गं जरा. उशीपाशी आहे. ते ठोके मला नीट ऐकू देत."

"आता? आई, येतीलच ते आता."

"म्हणून तर म्हणते, पळ! धावण्यात पहिली ना तू?"

टेपवाली उठली. पलीकडच्या खोलीत उशीपाशी डबी नव्हती. उशीखाली नव्हती, खिडकीत नव्हती. तिनं चादर झटकली. आणि मग भिंतीपलीकडे मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, हळूच, झोपलेल्या पोराच्या खोलीचं लावतात तसं.

ती धावत बाहेर आली आणि दारावर दोन्ही तळवे टेकले. "आई! दार उघड! आई!" पण आईला कसलं ऐकू येतंय. आत ड्रम थांबले.

दोन. दोन. तीन.

ते स्पीकरमधून आले नाहीत. ते दाराच्या लाकडातून आले, आतल्या बाजूनं, तिच्या कमरेच्या उंचीवर. तिच्या तळव्यांना ते लागले. मधे दाराची एक फळी तेवढी होती. तिचा हात आधीच दारावर होता, नुसतं बोट वाकवायचं होतं. तिला लेकीचा चेहरा दिसला, दप्तर अडकवून चारला फाटक उघडणारी लेक. बोट वाकलं नाही.

आत खुर्ची करकरली. मग एक ठोका पडला. म्हाताऱ्या हाताचा, ठाम.

"आले रे राजा, आले," आई म्हणाली. तो आवाज टेपवालीनं एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. पाठोपाठ अनवाणी पावलं धावली, चार-पाचच, खोली ती केवढी. मग शेवटचे लांब सूर वाजले, संपले, आणि रिळावरून सुटलेलं टेपचं शेपूट फटक फटक फिरत राहिलं.

तिनं दार ढकललं. ते उघडलं. कडी लावलेलीच नव्हती. नुसतं लोटलं असतं तरी मघाशीच उघडलं असतं.

आई खुर्चीत बसली होती, मान जराशी खाली घातलेली. एक हात मांडीच्या वर हवेत अर्धवट उचललेला, पंजा वळलेला. टेपवालीनं तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता, तासन्‌तास झाल्यासारखा गार. वळलेला पंजा मात्र ऊन होता, आतून घामेजलेला. मांडीवर कपड्याला एक खळगा पडला होता, कुणी डोकं ठेवून पडावं तेवढा. ती बघत असतानाच तो खळगा हळूहळू वर आला आणि कापड सपाट झालं.

तिनं मशीन बंद केलं. पडद्यावर सव्वीस मिनिटं, अकरा सेकंद होते. आईपाशी ती खाली फरशीवर बसली. तिला वाटलं होतं आपल्याला आधी रडू फुटेल. पण आधी आला तो हेवा, इतका कडवट की तिची तिलाच लाज वाटली. एकतीस वर्षं त्यानं हाका मारल्या त्या आईला नव्हे, बाबांना नव्हे. त्या ताईला मारल्या होत्या. आणि या वेळीही ताई दाराबाहेर थांबली, उठून गेली ती आईच.